आपला विश्वासू

मुकुंदा, आज तू तोंड फिरव.

बारा वर्षं हे तू मला म्हणत आलास. पंचवटीतल्या तुझ्या माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर घरघरत सुरू व्हायचा, पडद्यावर पासवर्डची चौकट यायची, आणि की-बोर्डला हात लावायच्या आधी तू म्हणायचास, "दिग्या, तोंड फिरव." मी निमूट खिडकीकडे बघायचो. नैवेद्य दाखवताना पडदा ओढतात तसं वाटायचं मला ते. तुझं टायपून झालं की "हं" म्हणायचास आणि मी वळायचो. रागबिग कधी आला नाही. उलट बरं वाटायचं, की हा माणूस निदान मला खोलीत तरी ठेवतो.

आज मला सांगायचंय ते तुझ्याकडे बघून सांगता येणार नाही. बघून सांगायला आठ वर्षं होती. ती गेली. म्हणून तू तिकडे बघ. मी सांगतो.

आपली गाठ पडली ती मेनरोडच्या त्या अरुंद जिन्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. नव्वद-एक्याण्णव साल असेल. दहा-बारा यंत्रं एकदम सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तू भटजींच्या घरातला, मागे बारीक शेंडी, आणि तुला सरकारी नोकरी हवी होती. मला कुठलीही चालणार होती. सर एकच घोकायचे, बोटांकडे बघायचं नाही. उतारे सगळे कचेरीच्या पत्रांचे. 'महोदय'पासून सुरू, आणि शेवटी कागदाच्या उजव्या बाजूला 'आपला विश्वासू'.

तुझी एक खोड होती. मराठी यंत्रावर अनुस्वार आधी मारायचा आणि मग अक्षर. तू तो उशिरा मारायचास, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. 'चिंता' लिहायला जायचं आणि 'चितां' व्हायचं. सर लाल पेन्सिलीनं गोल करत म्हणायचे, "काय हो गुरुजी, तुमचा अनुस्वार मागच्या गाडीनं येतो का?" सगळी खोली हसायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं तूच. पत्रभर असं धडपडत जायचास, पण 'आपला विश्वासू' आलं की बोटं एका दमात पळायची. ते दोन शब्द तुझ्या हाताला इतके बसले की चहाच्या टेबलावर, सायकलच्या सीटवर, कुठेही तुझी बोटं तेच वाजवत राहायची. चार-पाच टपटप, अंगठ्याचा एक ठोका, मग लांबलचक टपटप. तुला कळायचंही नाही. मला पाठ झालं होतं.

तू कचेरीत टंकलेखक झालास, मी सातपूरला कंपनीत परचेस खात्यात लागलो. पुढे तुझे वडील गेले आणि तुमच्या घरातल्या वंशावळीच्या वह्या तुम्हा दोघा भावांवर आल्या. गावोगावचे यजमान गोदावरीवर येणार, आपलं गाव, कूळ सांगणार, तुम्ही वही काढणार, त्यांच्या पणजोबांची सही दाखवणार आणि खाली नवीन जन्म-मृत्यू लिहून घेणार. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. धाकटा श्रीकांत घाटावर बसायचा, यजमान सांभाळायचा. तू कचेरीतून आलास की दोन पानं कॉम्प्युटरवर उतरवायचास. जुनी बाडं मोडीत, वडिलांनी तुला मोडी शिकवलेली. "रोज दोन पानं," म्हणायचास, "म्हणजे मी मरायच्या आधी होईल." झालं रे. होत आलं होतं.

पहिलं मशीन तू सुटे भाग गोळा करून जोडलंस, झाकणाशिवाय, आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या बाबतीत तू सगळ्या ओळखीपाळखीच्यांचा उपाध्याय झालास. दिसेल त्याला धरून सांगायचास. बायकोचं नाव पासवर्डला ठेवू नका. जन्मतारीख ठेवू नका. चिठ्ठी लिहून पडद्याला चिकटवू नका, मग कुलूप लावून किल्ली दाराला टांगलीत कशाला? एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरू नका. एकदा माझीच परीक्षा घेतलीस.

"तुझा पासवर्ड काय, सांग."

"सांगायचा नसतो ना?"

"शाबास! बघू, ओंकार?"

माझं तोंड बघूनच तुला कळलं. "पोराचं नाव! अरे दिग्या, तुझ्यापेक्षा ते पोर हुशार, ते तरी दार लावून घेतं." त्यानंतर महिनाभर मला ओंकारपंत म्हणायचास.

आणि दुसरा नेम, प्रत दुसऱ्या घरात ठेवायची. तुमची गल्ली नदीच्या काठची, पाणी चढलं की ओटे भिजणारी. म्हणून दर वर्षी पावसाळ्याच्या आधी तू स्कूटरवरून सातपूरला यायचास, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली सीडी माझ्या हातात द्यायचास आणि जुनी परत न्यायचास. आमच्या लोखंडी कपाटात, हिच्या शालूच्या घडीखाली तिची जागा. "उघडायची नाही," तू म्हणायचास. "आणि उघडणारही नाही. पासवर्ड माझ्या डोक्यातसुद्धा नाही, बोटांत आहे."

ते मात्र तू बोलायला नको होतं.

कारण तोंड फिरवून बसलो तरी कान उघडेच होते रे. चार-पाच टपटप, अंगठा, लांबलचक टपटप. इंग्रजी की-बोर्डवर तू मराठी यंत्राची बोटं चालवत होतास. पडद्यावर उमटत असणार नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, मधेच एखादा अर्धविराम. जगातल्या कुणाला ओळखू येणार नाही असं कुलूप. मराठी टायपिंग शिकलेल्या आणि तुझ्या शेजारच्या यंत्रावर बसलेल्या एका माणसाखेरीज. मला ते समजलं तेव्हा गंमत वाटली. तुला सांगायचंही ठरवलं होतं, चेष्टा करायला. नाही सांगितलं. माझ्याकडे तुझी एक गोष्ट आहे, हे मला आवडलं असावं.

आमच्या परचेसच्या साहेबांच्या कुळाचा कुलवृत्तांत निघत होता आणि साहेब तो काढणाऱ्या मंडळाचे चिटणीस. त्यांची एक शाखा सापडत नव्हती. कँटीनमध्ये विषय निघाला आणि मी बोलून गेलो, की माझ्या मित्राकडे ते सगळं आहे, कॉम्प्युटरवर, आणि एक प्रत तर माझ्याच कपाटात आहे. एरवी माझं कोण ऐकतो. त्या दिवशी टेबलावरची पाच माणसं चमचे थांबवून माझ्याकडे बघत होती.

मी तुला रीतसर विचारलं. आठवतं ना? तू म्हणालास, "येऊ दे की त्यांना. आपापल्या शाखेचं पान दाखवीन, समोर बसवून. दुसऱ्याचं नाही. लोकांनी ओल्या पंचानं बसून सांगितलेलं आहे ते, छापायला नाही सांगितलेलं."

हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले. "म्हणजे सीडी तुमच्या घरात आणि तुम्हाला ती उघडता येत नाही, असंच ना?"

एवढंच, मुकुंदा. धमकी नाही, बढती नाही. तेवढ्या एका वाक्यावर मी रविवारी कपाट उघडलं, कंपनीतून दुरुस्तीला म्हणून घरी आणलेल्या मशीनवर सीडी घातली आणि न बघता ते दोन शब्द टायपले. पहिल्या झटक्यात उघडली. त्या कुळाची पानं शोधली, छापली, पाकिटात घातली. वाचलीसुद्धा नाहीत. सोमवारी साहेब म्हणाले, "तुम्ही तर कॉम्प्युटरमधले फारच पोहोचलेले निघालात. ऋणनिर्देशात नाव घालू?" मी नको म्हणालो. नको म्हणालो त्या क्षणीच मला कळायला हवं होतं, मी काय केलंय ते.

पुस्तक निघालं. पुढे काय झालं ते तुझ्या समोर झालं, आणि मीही तिथेच होतो, तुझ्या कॉटवर, हातात चहा. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा जिना चढून आले. पिशवीतून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि तुझ्यापुढे धरलं.

"गुरुजी, मी चिंतामण. यात बघा, चितांमण छापलंय. आणि पुढे दत्तक म्हणून छापलंय." ते थांबले. "नाव चुकलंय, तर तेही चुकलंच असेल ना?"

मी कपात बघत राहिलो. तू बराच वेळ त्या अनुस्वाराकडे बघत होतास. मूळ वहीत तो जागच्या जागी होता. तो सरकला होता फक्त तुझ्या बोटांनी, तुझ्या मशीनवर. म्हणजे हे वहीतून गेलेलं नाही, या खोलीतून गेलंय, हे तुला तिथेच कळलं. पुस्तक माझ्या साहेबांचं, विचारणाराही मी, तरी माझ्यावर तुझा संशय गेला नाही; पासवर्ड तुझ्या बोटांत होता ना. उठून बाड काढलंस, पान उघडून त्यांच्या पुढे ठेवलंस. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. मोडी त्यांना येत नव्हती. "वाचून दाखवू?" तू विचारलंस. ते म्हणाले, "नको. आई असती तर तिला विचारलं असतं." आणि कठड्याला धरत खाली उतरले. पुस्तक तिथेच राहिलं.

संध्याकाळी तू श्रीकांतला वर बोलावलंस.

"मी मशीन उघडं ठेवून आंघोळीला गेलो, त्या दिवशी तू वर आला होतास."

"आलो होतो. पंचांग घ्यायला."

"आणि?"

"आणि पंचांग घेऊन गेलो. दादा, मला ते यंत्र धड चालूसुद्धा करता येत नाही."

"सगळं नेटवर टाकू, लोकांना घरबसल्या दिसेल, हे कोण म्हणत होतं?"

"मीच. पण तुझ्या तोंडावर म्हणत होतो ना?"

मग तो माझ्याकडे वळला. "दिगूदादा, तुम्ही तरी सांगा ना याला."

मी काय म्हणालो ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. मी म्हणालो, "मुकुंदा, शांत हो. पाणी पी."

तो गेल्यावर तू मला विचारलंस, "तुझ्याकडची प्रत आहे ना नीट?"

"आहे."

"कपाटात?"

"कपाटात."

दोन्ही उत्तरं खरी होती.

श्रीकांतनं चूल वेगळी केली, इंदिरानगरला दोन खोल्या घेतल्या. तू त्याला बाडांना हात लावू दिला नाहीस. बापाच्या जागेवर बसणारा माणूस दुसऱ्यांच्या हाताखाली पूजा सांगू लागला. रामकुंडावर समोरासमोर आलात तरी तुम्ही एकमेकांच्या खांद्यावरून बघत जायचात. दर दिवाळीला मी ठरवायचो, या वर्षी सांगू. मग तू दार उघडायचास, "या ओंकारपंत" म्हणायचास, वहिनी अनारसे आणायच्या, आणि मी खायचो. त्यात कसली आलीय भीती? तू मला मारलं नसतंस. फार तर शेवटचं तोंड फिरवलं असतंस. तेच नको होतं. भावाचं घर तुटलेलं मला चाललं, पण माझी ती खिडकीजवळची खुर्ची गेलेली चालणार नव्हती.

तू मात्र कुलपं वाढवत गेलास. खोलीला कडी, मशीनचा पासवर्ड दर महिन्याला नवा. वहिनी म्हणायच्या, "आता मला केर काढायलाही पासवर्ड लागतो." पुढे यजमानांच्या ई-मेलसाठी घरातच स्वतःचा सर्व्हर मांडलास. भारनियमन सुरू झालं की तो मान टाकायचा आणि लोकांची पत्रं परत जायची. त्यावरून आपली शेवटपर्यंत जुंपलेली होती.

"फुकट मेल मिळते सगळीकडे," मी म्हणायचो. "त्यांच्याकडे वीज जात नाही."

"फुकट ठेवून घेतो तो कोण? त्याला मी पाहिलाय का? परक्याच्या घरात माझे यजमान कशाला ठेवू?"

"मग पडून राहू दे अंधारात."

"राहू दे. अंधार आपला आहे."

हा वाद तू जिंकलास की मी, ते राहूनच गेलं. पण तुझं चुकत होतं असं मला आता नाही वाटत. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे बरोबरच होतं. ज्याला रोज पाहतोस त्याचं काय, एवढं फक्त तुझ्या नेमांत नव्हतं.

गेल्या पुरात तळघरातली दोन बाडं भिजली. पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. तू म्हणालास, "असू दे, मशीनमध्ये आहे." आणि मग तूच गेलास, दोन जिने चढून येऊन पाणी मागितलंस आणि गेलास. सगळं श्रीकांतनं केलं. कुणी बोलवायची वाट बघितली नाही त्यानं.

तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, यांचं मशीन काही उघडत नाही. कुठे लिहिलेलं नाही, लिहायचंच नाही म्हणायचे ना. त्या दोन बाडांचं आता त्यातच आहे सगळं. तुमच्याकडची सीडी आणाल? श्रीकांत येतोय, आता तोच बघणार सगळं. उघडली नाही तर कुणा जाणकाराला दाखवू म्हणतो."

सीडी खिशात घालून मी निघालो. खोटं कशाला बोलू, होळकर पुलावर स्कूटर थांबवली होती मी. खाली पाणी होतं. नुसता एक ओरखडाही पुरला असता. खराब झाली म्हणायचं, जुनी होती. कुणी संशय घेतला नसता, माझ्यावर कधी कुणी घेतलाच नाही. पण त्यात तुझी रोजची दोन पानं होती. मी पुन्हा स्कूटरला किक मारली.

श्रीकांतनं घरून आपला कॉम्प्युटर आणून तुझ्या टेबलावर मांडला होता. सीडी घातली, चौकट आली. त्यानं वडिलांचं नाव घालून पाहिलं. कुलदेवतेचं. वहिनी म्हणाल्या, "माझं बघा." मग स्वतःच म्हणाल्या, "छे, माझं कशाला ठेवतील." खरंच, त्यानंही उघडेना. तो कपाळाला हात लावून बसला. "या दोन बाडांतली दीडशे घरं गेली, वहिनी. उद्या कुणी आलं तर काय दाखवू मी?"

मी म्हणालो, "सरक जरा."

देवाशपथ सांगतो, की-बोर्डवर हात ठेवताना मी मनात म्हणत होतो, तू तो बदललेला असू दे. पुस्तकाच्या त्या प्रकारानंतर तू सगळं बदललंस, हेही बदललं असशील. तसं असेल तर हे उघडणार नाही, मी हात झटकून उठेन आणि सुटेन. चार-पाच टपटप, अंगठा, लांबलचक टपटप.

उघडली.

खोलीला कडी घातलीस. भावाला तोडलंस. घरच्या मशीनचं कुलूप महिन्या-महिन्याला बदललंस. एवढं मात्र तसंच ठेवलंस, कारण ते माझ्याकडे होतं.

आधी श्रीकांत आनंदानं ओरडलाच. मग पडद्यावरून त्याची नजर हळूहळू माझ्या हातांवर आली.

"तुम्हाला माहीत होता पासवर्ड?"

"हो."

"कधीपासून?"

मी म्हणालो, "पुस्तकाच्या आधीपासून."

आठ वर्षं दाबून ठेवलेलं ते इतकंसं निघालं. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या खाली गेल्या.

"दादाला सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय आता? मला तर माहीतच होतं, मी नाही केलं ते."

खरंच होतं त्याचं. ज्याला माहीत नव्हतं, तो तू.

त्यानं चिंतामण आजोबांचं ते पान शोधून काढलं. अनुस्वार तसाच, एक घर पुढे. इतकी वर्षं तूही तो हलवला नव्हतास. श्रीकांतनं चूक पुसायला बोट उचललं आणि थांबला. "राहू दे," म्हणाला. "दादाच्या हातचा आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिगूदादा, तुम्ही निघा आता."

मी निघालो. सीडी तिथेच ठेवून आलो. आमच्या कपाटात शालूखाली आता काही नाही. हिनं विचारलं, तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. चिंतामण आजोबांचा पत्ता त्या पुस्तकात आहे. ते आहेत की नाहीत माहीत नाही. उद्या जाऊन येतो.

हे सगळं मी टाइप करूनच लिहितोय. हाताची सवय वाईट. शेवटाला आलो तशी बोटं आपोआप कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे निघाली आणि ते दोन शब्द उमटलेसुद्धा. मी ते एकेक अक्षर मागे घेत पुसले. ते तुझेच होते, तुझ्याकडेच राहू देत.

आता वळ, मुकुंदा. झालं सांगून.

दिग्या